गच्चीला ४.९ स्टार आणि बेडरूममध्ये बादली: ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना या चुका टाळा

आमची बिल्डिंग भांडुपची, चार माळ्यांची, आणि आम्ही चौथ्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. मे संपत आला की मुंबईत टॉप फ्लोअरवाल्याच्या पोटात काय होतं ते वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बेडरूमच्या सिलिंगला पोपडे सुटायला लागले, सोसायटीत विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले फंड नाहीये, तुम्ही तुमच्या डोक्यावरचं करून घ्या, बिल द्या, मग बघू (ते 'मग बघू' अजून चालूच आहे). मग काय, रात्री जेवण झाल्यावर सोफ्यावर पडून मोबाईलवर वॉटरप्रूफिंगवाले शोधले. पहिल्या तिघांत एक दिसला, ४.९ स्टार, दोनशेच्या वर रिव्ह्यू. बाकीचे दोघं ४.२ आणि ४.३. झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस येऊन बघून गेला, ६८ हजार सांगितले, चाळीस ॲडव्हान्स दिले, आठ दिवसांत गच्चीवर पांढरंशुभ्र कोटिंग मारून झालं, उरलेले पैसेही हसत हसत दिले, दिसायला एकदम झकास.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला जोरदार पाऊस झाला त्या रात्री अडीच वाजता बायकोने उठवलं, म्हणाली पंख्यावरून पाणी येतंय.

कंपनीचं नाव घेत नाही. सकाळी फोन केला तर "सर जरा पाऊस थांबू दे, मग माणूस पाठवतो." मुंबईत पाऊस थांबेपर्यंत म्हणजे ऑक्टोबर! पण सांगायची गोष्ट ती नाही. त्या रात्री बादली खाली ठेवून झोप उडाल्यावर मी ते दोनशे रिव्ह्यू पहिल्यांदा वाचले. त्याआधी मी ते फक्त मोजले होते. वाचता वाचता आपण कुठे कुठे माती खाल्ली ते कळत गेलं, तेच खाली लिहितोय, जसं आठवेल तसं.

चूक १: नाव न उघडता आकड्यावर विश्वास

रिव्ह्यूच्या वर जे नाव असतं ना त्यावर बोट ठेवलं की त्या माणसाने अजून कुठे कुठे काय लिहिलंय ते बहुतेक वेळा दिसतं. मला हे माहीत होतं, कधी केलं नव्हतं. त्या रात्री केलं. पहिल्याच पाच स्टारवाल्याने त्याच आठवड्यात जयपूरच्या डेंटिस्टला पाच, कोइम्बतूरच्या पॅकर्स मूव्हर्सना पाच, लुधियानाच्या जिमला पाच आणि आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला पाच दिले होते. म्हणजे हा गडी जयपूरला दात काढून, कोइम्बतूरला घर हलवून, लुधियानाला दंड बैठका मारून मग भांडुपला गच्ची दुरुस्त करायला आला, सगळं सहा दिवसांत. मी हसलो. मग बादलीत थेंब पडल्याचा आवाज आला.

असे वीस-एक उघडले. निम्म्या लोकांचा आख्ख्या आयुष्यातला तो एकच रिव्ह्यू. आता एकच रिव्ह्यू असणं हा काही गुन्हा नाही, आमच्या आईनेही जन्मात एकच लिहिलाय, भाचीच्या पार्लरला, आणि ते पार्लर तिने अजून पाहिलेलं नाही (म्हणजे ही कीड घरापासूनच सुरू होते, असो), पण असे एकएकटे दहा जण एका ठिकाणी सापडले की समजायचं.

मजकूर पण बघा. खरा माणूस काय लिहितो? "सोमवारी येतो म्हणाले बुधवारी आले, काम बरं केलं, पण रिकामे डबे गच्चीतच टाकून गेले." कौतुकात एखादी कुरकुर असतेच, कारण खऱ्या कामात काहीतरी खटकतंच. आणि विकतचा माणूस काय लिहितो? "मुंबईतील सर्वोत्कृष्ट टेरेस वॉटरप्रूफिंग सेवा, अत्यंत व्यावसायिक टीम." भांडुप स्टेशनला गाडीची वाट बघताना कोणी कोणाला असं सांगतं का हो? कंपनीचं पूर्ण नाव, एरिया, सर्व्हिस, सगळं एका वाक्यात कोंबलेलं असेल तर ते वाक्य तुमच्यासाठी लिहिलेलंच नाही, सर्चमध्ये वर यायला लिहिलंय. हल्ली मराठीत पण येतात असले, "मी या उत्पादनाने खूप प्रभावित झालो आहे" वगैरे. आपण प्रभावित होत नाही हो, आपण म्हणतो मस्त आहे, नाहीतर म्हणतो पैसे वाया.

हे लोक एवढा आटापिटा का करतात त्याचंही गणित आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी सिॲटलच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता, त्यात येल्प या रिव्ह्यू साइटवर एक स्टार वाढला की स्वतंत्र चालणाऱ्या हॉटेलांचा धंदा ५ ते ९ टक्के वाढतो असं निघालं, आणि मोठ्या चेनना काहीच फरक नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. म्हणजे जो अनोळखी आहे त्यालाच स्टारची गरज जास्त, आणि आपण रिव्ह्यू बघतो तेही अनोळखी माणसाचेच. गूगलने मॅप्सवरचे नियम मोडणारे २४ कोटींपेक्षा जास्त रिव्ह्यू २०२४ या एका वर्षात अडवले किंवा काढले असं त्यांनीच सांगितलंय. पकडलेले एवढे, सुटलेले किती याचा हिशोब कोण देणार.

चूक २: तारीख न बघणं (माझे ६८ हजार इथे गेले)

याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. खोटे रिव्ह्यू बाजूला काढले तरी त्या यादीत बरेच खरे होते. नाव उघडलं तर मुंबईतलीच माणसं, कोणी घाटकोपरच्या डोसेवाल्याला तीन स्टार दिलेले, कोणी मुलुंडच्या दवाखान्याला शिव्या घातलेल्या, म्हणजे हाडामांसाची माणसं. आणि त्यांनी पण पाच स्टार दिले होते. मग गच्ची गळली कशी?

तारखा बघितल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. काम झालं, पोरं नीट वागली, कोटिंग चकाचक दिसतंय, सुपरवायझरने जाताना म्हटलं "सर रिव्ह्यू टाका ना", त्याच्यासमोर टाकला. अहो पण वॉटरप्रूफिंगची परीक्षा मार्चमध्ये होतच नाही ना! ती जुलैत होते. त्या सगळ्यांनी पेपर लिहायच्या आधीच निकाल लावला होता, खोटं कोणी बोललं नव्हतं. दोनशेत जुलै ते सप्टेंबरमधले किती सापडले, तर नऊ. त्यातले सहा एक किंवा दोन स्टार, आणि एकाने तर स्पष्ट लिहिलं होतं, "पांढरा रंग मारून गेले, भेगा बुजवल्याच नाहीत." तो रिव्ह्यू एप्रिलमध्ये माझ्या समोरच होता, पण 'मोस्ट रेलेव्हंट'च्या ढिगाखाली. 'न्यूएस्ट' किंवा 'लोएस्ट' लावून बघायला दोन सेकंद लागतात.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीला विचारतो की हिची खरी परीक्षा कधी होते. एसी घेतला तर मे महिन्यात आणि पहिल्या सर्व्हिसिंगला. गादी घेतली तर सहा महिन्यांनी, खड्डा पडतो का ते बघून. छत्री पहिल्या वाऱ्यात, त्यातही मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात. पॅकर्स मूव्हर्सची परीक्षा सामान चढवताना होत नाही, उतरवल्यावर होते, जेव्हा ते ठरलेल्याच्या वर पाच हजार मागतात. कोचिंग क्लासची रिझल्टनंतर. आणि ऑनलाइन वस्तूंवर बहुतेक पाच स्टार कधीचे, तर बॉक्स उघडल्याच्या दिवशीचे, "आत्ताच आलं, पॅकिंग छान, बघूया कसं चालतं." बघूया म्हणतो आणि पाच स्टार देतो! असले रिव्ह्यू मी धरतच नाही. "आठ महिने वापरतोय" असं जिथे लिहिलंय तो एक वाचतो, शंभर सोडतो.

तारखांचा गठ्ठा पण बघायचा. चार महिने शुकशुकाट आणि मग दहा दिवसांत चाळीस रिव्ह्यू आले असतील तर त्या दहा दिवसांत एकतर त्यांनी कोणाला तरी पैसे दिलेत, नाहीतर एखादा खराब रिव्ह्यू आला होता तो खाली ढकलायचा होता.

चूक ३: सरासरीला देव मानणं

थोडक्यात सांगतो. ठीकठाक काम झालं तर कोणी लिहीत नाही. लिहितो तो एकतर खूप खुश असतो नाहीतर पेटलेला असतो, म्हणून बहुतेक ठिकाणी पाचचा डोंगर, एकची टेकडी आणि मध्ये सपाट मैदान. त्यात काही ठिकाणी दुकानदारच चाळणी लावतो. अमेरिकेत फॅशन नोव्हा नावाची कपड्यांची साइट आहे, ती चारपेक्षा कमी स्टारचे रिव्ह्यू साइटवर दिसूच देत नव्हती असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता, २०२२ च्या जानेवारीत ४२ लाख डॉलर भरून त्यांनी ते मिटवलं. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचे 'हॅपी कस्टमर्स' मी वाचतसुद्धा नाही, स्वतःच्या लग्नाच्या बायोडेटात कोणी घोरतो असं लिहितं का? मी मधले वाचतो, दोन, तीन आणि चार स्टारवाले. तो माणूस भक्त पण नसतो आणि शत्रू पण नसतो, त्याला फक्त काय बरं काय वाईट ते सांगायचं असतं.

चूक ४: 'व्हेरिफाइड पर्चेस' दिसलं की निर्धास्त होणं

व्हेरिफाइडचा अर्थ एवढाच की त्या अकाउंटवरून वस्तूची ऑर्डर गेली. का गेली, पैसे नंतर कोणी परत दिले, हे त्यात येत नाही.

आता कबुलीजबाब. दोन वर्षांपूर्वी मी एक चार्जर मागवला होता, बॉक्समध्ये छोटं कार्ड निघालं, पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर व्हॉट्सॲप करा, १०० रुपये यूपीआयने मिळवा. मी दिले. १०० रुपये आले पण. चार्जर तीन महिन्यांत फुकट गेला, आणि माझा तो व्हेरिफाइड पाच स्टार अजून तिथे आहे की नाही ते बघायची हिंमत मी बरेच दिवस केली नाही. होता. पंचेचाळीस जणांना तो 'हेल्पफुल' वाटला होता. आत्ता काढलाय. त्यामुळे खोटे रिव्ह्यू लिहिणारे लोक कुठेतरी अंधाऱ्या खोलीत बसलेले असतात असं कृपया समजू नका, ते भांडुपला चौथ्या माळ्यावर पण असतात.

याहून डोकेबाज प्रकार म्हणजे दुसऱ्याच वस्तूचे रिव्ह्यू. आईसाठी मिक्सर बघत होतो, हजारो रेटिंग, ४.४. खाली गेलो तर एकजण लिहितोय "कव्हर एकदम फिट बसलं, कॅमेऱ्याजवळ थोडं ढिलं आहे." मिक्सरला कॅमेरा कुठून आला? झालं असं की जुन्या, चांगल्या चाललेल्या लिस्टिंगमध्ये वस्तू बदलायची किंवा नवी वस्तू 'दुसरा कलर' म्हणून त्याला चिकटवायची, रिव्ह्यू आयते मिळतात. अमेरिकेत २०२३ मध्ये द बाउंटिफुल कंपनी या व्हिटामिन-सप्लिमेंटवाल्या कंपनीवर याच कारणासाठी कारवाई झाली, ६ लाख डॉलर द्यावे लागले. आपण काय करायचं, तर सर्वात जुने दहा रिव्ह्यू उघडून बघायचे, ते त्याच वस्तूबद्दल बोलतायत का. आणि ग्राहकांनी टाकलेले फोटो, त्यात वस्तू तीच दिसतेय का.

कधी न मागवलेलं पार्सल तुमच्या नावाने आलं, पैसे भरलेले, आत फुटकळ काहीतरी, तर खुश होऊ नका. कोणीतरी तुमच्या नावापत्त्यावर ऑर्डर टाकून तुमच्या नावाने व्हेरिफाइड रिव्ह्यू लिहिणार असतं, याला ब्रशिंग म्हणतात. २०२० मध्ये अमेरिकेत घरोघरी चीनहून बियांची पाकिटं आली होती, तेव्हा तिथल्या कृषी खात्यालाही हाच संशय होता. ॲपवर कळवा, पासवर्ड बदला.

चूक ५: फक्त एक स्टारवाले खरे असं धरून चालणं

आमच्या ऑफिसात एकजण छातीठोक सांगतो, मी फक्त खराब रिव्ह्यू वाचतो. ठीक आहे, पण त्यातले निम्मे "कुरिअरवाल्याने वॉचमनकडे पार्सल टाकलं" यासाठी असतात, त्यात प्रेशर कुकरचा काय दोष? काही समोरच्या दुकानदाराने टाकलेले असतात. आणि खंडणी पण असते बरं का, २०२२ मध्ये अमेरिकेत बऱ्याच नावाजलेल्या रेस्टॉरंटांना एक स्टारचा मारा करून ७५ डॉलरचं गिफ्ट कार्ड द्या तरच थांबवतो असे ईमेल आले होते. तेव्हा एक स्टारवाल्याचं पण नाव उघडायचं. तीच एक तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या शब्दांत केली असेल तर मात्र ती दगडावरची रेघ.

चूक ६: रीलमधल्या ताईला आपली ताई समजणं

आईने गुडघ्याचं तेल मागवलं. ९९९ ला एक, १४९९ ला दोन, अर्थातच दोन. का मागवलं, तर मालिकेत सोशीक सुनेचं काम करणारी एक अभिनेत्री रीलमध्ये म्हणाली की माझ्या आईला याने पंधरा दिवसांत जिना चढता आला. मी आईला म्हटलं अगं ती जाहिरात आहे. आई म्हणाली, जाहिरात असती तर लिहिलं असतं की, आणि ती कशाला स्वतःच्या आईबद्दल खोटं बोलेल. आता यावर काय बोलणार. मी रील परत उघडली, कॅप्शनच्या खाली 'मोअर' दाबलं, वीसेक हॅशटॅगच्या रांगेत सतरावा होता 'कोलॅब', म्हणजे कंपनीशी ठरवून केलेली जाहिरात. आईच्या चष्म्यातून तो दिसणं शक्यच नव्हतं, आणि दिसू नये अशीच सोय होती.

याला नियम आहेत, चांगले कडक आहेत. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, मग २० जानेवारी २०२३ ला ग्राहक व्यवहार विभागाने सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर लोकांसाठी वेगळी सोप्या भाषेतली पुस्तिका काढली. त्यात स्पष्ट आहे की पैसे घेतले असोत, फुकट वस्तू, हॉटेलातला मुक्काम, डिस्काउंट, बार्टर, अगदी नातं किंवा नोकरी असली तरी सांगायचं, आणि हॅशटॅगच्या ढिगात दडवायचं नाही. फोटो असेल तर फोटोवर, व्हिडिओ असेल तर दिसलं पण पाहिजे आणि ऐकू पण आलं पाहिजे, लाइव्ह असेल तर सतत दिसलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांसाठी अजून सूचना आल्या. मोडले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड, परत मोडले तर ५० लाखांपर्यंत, आणि एंडॉर्स करणाऱ्याला एक वर्ष, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण म्हटलं की फसव्या जाहिरातीला सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर तेवढेच जबाबदार.

तर नियम आहेत, पण आईच्या गुडघ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना मी तीन गोष्टी पढवून ठेवल्यात: खाली कूपन कोड आहे का (असला की शंभर टक्के धंदा), तेच वाक्य दुसऱ्या एखाद्या रीलमध्ये ऐकलं का (स्क्रिप्ट एकच असते, तोंडं वेगळी), आणि ती व्यक्ती महिन्याभराने ती वस्तू परत दाखवते का. तिसरी कसोटी फार मजेशीर आहे. ज्या तेलाने त्यांच्या आईला जिना चढता आला ते तेल त्या ताईंनी परत कधीच दाखवलं नाही, पुढच्या महिन्यात त्यांच्या आईला एका चहाने बरं वाटत होतं.

फूड रील्सचं पण तेच. नवीन हॉटेल उघडलं, ठाण्याला असो नाहीतर बांद्र्याला, पहिल्या आठवड्यात पंधरा लोक तोच चीज ताणत तोच "गाइज" करत येतात, कारण टेबल फुकट असतं, काहींना वर पैसेही असतात. त्यांचं जेवण मालक स्वतः उभं राहून वाढतो, तुमचं शनिवारी रात्री दीड तास वेटिंगनंतर येणार. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांना मिळालेलं जेवण खरंच चांगलं असेल. ते तुम्हाला मिळणार नाही एवढंच. आणि पंधरा जण म्हणतात म्हणून हॉटेल आहे असंही नसतं, लंडनमध्ये २०१७ मध्ये एका पत्रकाराने आपल्या राहत्या शेडलाच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर टाकलं, मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले, शेव्हिंग फोमचे पदार्थ करून फोटो काढले, आणि ते शहरात पहिल्या नंबरवर गेलं. अस्तित्वातच नसलेलं हॉटेल! लोक बुकिंगला फोन करत होते.

शेअरच्या टिप देणाऱ्या रीलबद्दल एकच सांगतो, सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा आणि तो सेबीच्या साइटवर नावासकट जुळवा. नंबर नसेल तर पुढचं ऐकूच नका, मग मागे लॅम्बोर्गिनी उभी असो नाहीतर बुलेट.

चूक ७: सोसायटीच्या ग्रुपवर कोणी सांगितलं म्हणजे शुद्ध तूप

हे मला वाटायचं. ऑनलाइन सगळं खोटं, त्यापेक्षा ओळखीच्याला विचारा. पण वॉचमनने सुचवलेला प्लंबर वॉचमनला काहीतरी देतो, इंटिरिअरवाला ज्या दुकानातून टाइल्स घ्यायला लावतो तिथे त्याचं कमिशन असतं, आणि ग्रुपवर "आपला माणूस आहे, बिनधास्त बोलवा" म्हणणारे काका कधी कधी त्या माणसाचे मेहुणे असतात. कमिशन खाणं हे काही इंटरनेटने शोधून काढलेलं नाही. फरक इतकाच की काकांना जिन्यात गाठून विचारता येतं, तुम्ही स्वतः काम करून घेतलंय का, कधी, आणि बघायला येऊ का. "बघायला येऊ का" याला जो टाळाटाळ करतो त्याचा रिव्ह्यू तिथेच संपला.

चूक ८: आपणच रिव्ह्यू विकायला बसणं

माझं १०० रुपयांवर भागलं, ऑफिसातल्या एका मुलीचे १ लाख ४० हजार गेले. सुरुवात तिच्या भाषेत सांगायची तर "एकदम इनोसंट" होती. अनोळखी नंबरवरून मेसेज, घरबसल्या काम, या तीन हॉटेलांना गूगलवर पाच स्टार द्या, दीडशे रुपये मिळतील. दिले, मिळाले. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं, तिथे बाकीचे 'मेंबर' रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकतायत (ते सगळे त्यांचेच लोक, म्हणजे रिव्ह्यू लिहायला आलेली मुलगी दुसऱ्यांच्या खोट्या रिव्ह्यूवर फसली, काय म्हणायचं याला). मग 'प्रीपेड टास्क', हजार भरा तेराशे मिळतील, मिळाले. मग पाच हजार, मग वीस, ॲपमध्ये आकडा वाढताना दिसतो पण काढता येत नाही, काढायला आधी टॅक्स भरा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने असल्या पार्टटाइम कामाच्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या, तरी मेसेज येतातच. असं झालं तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची. तिने चार दिवस कोणाला सांगितलंच नाही. त्या चार दिवसांत सगळं गेलं.

आणि फसलात तर

पहिली उर्मी असते शिव्या घालून रिव्ह्यू टाकायची. थांबा. 'चोर आहेत, फ्रॉड आहेत' लिहिलं की समोरचा बदनामीच्या नोटिशीची धमकी देतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. तारीख, काय ठरलं होतं, किती दिले, काय झालं, फोन कधी केला, काय उत्तर मिळालं, फोटो. बस. मी असंच लिहिलं, विशेषणाशिवाय, पंख्यावरून गळणाऱ्या पाण्याच्या फोटोसकट. मालकाचं उत्तर आलं, "तुमच्या नावाची नोंद आमच्याकडे नाही." मी खाली बिलाचा फोटो जोडला. त्या रात्री त्यांना तीन नवे पाच स्टार आले, एक जयपूरचा होता.

नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, १९१५, इथे तक्रार फुकट होते, ते कोर्ट नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून मध्यस्थी करतात, पण बऱ्याच वेळा तेवढ्याने हलतं. मला दोन महिन्यांनी १५ हजार परत आले. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. जाहिरात फसवी असेल तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे ॲस्की, तिचं मुख्य ऑफिस आपल्या मुंबईतच आहे, १९८५ पासून, ऑनलाइन तक्रार घेतात. आईच्या तेलाची मी तिथेच टाकलीय. आणि रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं एक मानक पण आहे, आयएस १९०००, नोव्हेंबर २०२२ चं, त्यात लिहिणाऱ्याची पडताळणी कशी करायची, विकत घेतलेले रिव्ह्यू छापायचे नाहीत वगैरे सगळं छान लिहिलंय. फक्त ते पाळणं ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्ही लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागून बघा.

या वर्षी गच्ची परत करून घेतली. रिव्ह्यू वाचले, पण मागच्या जुलै-ऑगस्टचेच. त्यातला एक माणूस ३.९ वाला होता, सगळ्यांची तक्रार एकच की वेळेवर येत नाही आणि फोन उचलत नाही, पण गळती परत आली असं एकानेही लिहिलं नव्हतं. त्याने तीन वर्षांपूर्वी केलेली एक गच्ची कांजूरला आहे, तिथे जाऊन वर चढलो, खालच्या मजल्यावरच्या आजींनी घरात नेऊन सिलिंग दाखवलं, चहा पण दिला. तो बारा दिवस उशिरा आला. भेगा फोडून बुजवल्या, मग गच्चीत दोन दिवस पाणी भरून ठेवलं, मागच्याने हे केलंच नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी पैसे घेताना तो म्हणाला, साहेब तेवढा एक रिव्ह्यू टाका ना, रेटिंग फार खाली आहे. मी म्हटलं टाकतो, ऑगस्टमध्ये. तो हसला नाही. आत्ता जुलैची वीस तारीख आहे, तीन मोठे पाऊस होऊन गेले, सिलिंग कोरडं आहे, बादली बाथरूममध्ये आहे. त्याचा काल परत मेसेज आला होता, मी लिहिलं, अजून बारा दिवस.